पान नंबर

रात्री पावणेदोनला मावसबहिणीचा व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट आला. खाली एवढंच लिहिलं होतं : 'दादा, हे बरोबर आहे ना?'

ती पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास करते. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, महिन्याची मेस, तिसरं वर्ष. त्या रात्री तिने फोनवरच्या एआय सर्चला विचारलं होतं की विधवाविवाहोत्तेजक मंडळी कुणी आणि कधी स्थापन केली. उत्तर चार सेकंदांत आलं होतं. मराठी शुद्ध, मांडणी मुद्देसूद, आणि वाक्याच्या शेवटी स्रोतांचे दोन छोटे आकडे. उत्तर होतं : महर्षी धोंडो केशव कर्वे, १८६५.

मी संगणकाचा माणूस. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरानंतर तुटला होता. पण कर्वे शंभरी ओलांडून जगले आणि त्यांचा जन्म १८५८ चा, एवढं डोक्यात कुठेतरी पक्कं होतं. म्हणजे १८६५ साली ते सात वर्षांचे होते. सात वर्षांचा मुलगा विधवाविवाहाची संस्था काढतोय हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला अंधारात हसू फुटलं. तिला कळवलं, 'अगं, तेव्हा ते मुरूडला पाटी घेऊन शाळेत जात असतील.' तिकडून हसण्याचा इमोजी आला नाही. आला तो प्रश्न : 'मग आतापर्यंत याच्यावरून काढलेल्या नोट्सचं काय करू?'

झोप उडाली. मी ते दोन्ही स्रोत उघडले. दोन्ही बरोबर होते. एका पानावर विष्णुशास्त्री पंडितांच्या मंडळाची माहिती होती. हे 'इंदुप्रकाश'च्या मराठी बाजूचे संपादक. विद्यासागरांचं विधवाविवाहावरचं पुस्तक त्यांनी मराठीत आणलं आणि १८६० च्या दशकात पुनर्विवाहाला उत्तेजन देणारं मंडळ मुंबईत उभं केलं. दुसऱ्या पानावर कर्वे होते. त्यांनी १८९३ च्या मार्चमध्ये स्वतः गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या बायाशी, पुनर्विवाह केला आणि त्याच वर्षाच्या शेवटी वर्ध्याला विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. मराठीत नावं जवळजवळ सारखी. इंग्रजीत तर दोन्हींचं एकच होऊन जातं, 'विडो मॅरेज असोसिएशन'. यंत्राने एका पानावरून माणूस उचलला, दुसऱ्यावरून साल उचललं आणि मधे न अडखळता वाक्य जुळवलं.

तिच्या 'काय करू'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्यानंतरचे काही शनिवार-रविवार मी एक वेगळाच शोध घेत बसलो : परीक्षेच्या अभ्यासाला माणसं पूर्वी कशाचा आधार घ्यायची, आणि तो आधार चुकला तर काय व्हायचं?

सुरुवात कर्व्यांपासूनच करतो, कारण परीक्षेने त्यांना जसं छळलं तसं आपल्यातल्या फार थोड्यांना छळलं असेल. १८७५ साल. कर्वे सतरा वर्षांचे. तेव्हा मराठी सहावीची सरकारी परीक्षा पास झालं की मास्तरकी किंवा कारकुनीचं दार उघडायचं. परीक्षेचं केंद्र मुरूडला नव्हतं. पावसाळी हवेमुळे समुद्रमार्गे मुंबईला जाणं जमेना, तेव्हा कर्वे आणि त्यांचे सोबती साताऱ्याला चालत निघाले. शंभर मैलांच्या वर अंतर, मधे सह्याद्रीचा घाट. पोचले, परीक्षा समितीपुढे उभे राहिले आणि अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघून सांगितलं की हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही. दाखला हातात होता. पण अंगकाठी लहान, चेहरा पोरगेला. झालं, परत जा. पुढच्या खेपेला ते कोल्हापुरात ती परीक्षा पास झाले. हा सगळा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

त्या काळी परीक्षा अशी लांब का असायची, याचं उत्तर मुंबई विद्यापीठाच्या जन्मात आहे. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे जी तीन विद्यापीठं निघाली, त्यांनी गिरवलेला कित्ता ऑक्सफर्ड-केंब्रिजचा नव्हता, लंडन विद्यापीठाचा होता. १८३६ ची सनद मिळालेलं ते विद्यापीठ तेव्हा स्वतः वर्ग घेत नसे. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आपल्याकडे विद्यापीठ आलं ते असं, परीक्षा घेणारं कार्यालय म्हणून. मुंबईची पहिली मॅट्रिक झाली १८५९ साली आणि त्या पहिल्या तुकडीत माधव गोविंद रानडे होते. १८६२ साली पहिले चार बी.ए. निघाले. त्यांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही दोन नावं.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आधी टेस्ट लिहिली गेली, प्रॉडक्ट नंतर. आणि टेस्ट आधी माहीत असली की लोक प्रॉडक्ट बनवत नाहीत, टेस्ट पास करतात. यात आपल्या लोकांचा काही खास दोष नाही. परीक्षा जिथे जिथे मोठी झाली तिथे तिच्या सावलीत एक बाजार वाढला.

चीनमध्ये सरकारी नोकरीची परीक्षा सुमारे तेराशे वर्षं चालली. सातव्या शतकाच्या सुरुवातीला आली, १९०५ साली बंद झाली. हस्ताक्षरावरून उमेदवार ओळखू येऊ नये म्हणून तिथे कारकून बसवून उत्तरपत्रिका पुन्हा लिहून काढत आणि परीक्षकाला फक्त नक्कल देत. एवढा बंदोबस्त! आणि दुसरीकडे आधीच्या वर्षांत पास झालेल्यांचे निबंध, टिपणांसह, छापखाने विकत होते. मुलं ते पाठ करत होती. 'टॉपरची उत्तरपत्रिका' ही काही टेलिग्रामच्या ग्रुपांनी लावलेला शोध नाही.

इंग्रजांचंही तेच. कंपनीच्या वरिष्ठ नोकऱ्या वशिल्याऐवजी खुल्या स्पर्धेतून द्यायच्या, असं ठरल्यावर १८५४ साली मेकॉलेच्या समितीने त्या परीक्षेचा आराखडा दिला. समितीला खात्री होती की वरवरची घोकंपट्टी इथे चालणार नाही. तशा ज्ञानाला गुणच द्यायचे नाहीत, म्हणजे प्रश्न मिटला. १८५५ ला पहिली परीक्षा झाली आणि बघता बघता लंडनमध्ये केवळ या परीक्षेची तयारी करून घेणारे 'क्रॅमर' उभे राहिले. वॉल्टर रेन नावाच्या गृहस्थांचा तर या धंद्यात मोठा लौकिक होता. मेकॉलेंना पुण्याचा शास्त्री रोड दाखवायला हवा होता, असं मला फार वाटतं.

पण या सगळ्यांत मला ज्याच्याविषयी खरोखर आदर वाटला तो माणूस केंब्रिजचा. एडवर्ड राऊथ. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला 'सीनियर रँग्लर' म्हणत. १८५४ साली राऊथ पहिला आला. दुसरा कोण आला? जेम्स क्लर्क मॅक्सवेल. तोच, ज्याची समीकरणं आपण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी पाठ केली आणि तिसऱ्या वर्षी विसरलो. मॅक्सवेलने पुढे विजेचं आणि प्रकाशाचं शास्त्र बदलून टाकलं. राऊथनेही गणितात चांगलं काम केलं, पण नाव झालं ते खाजगी शिकवण्या घेणारा म्हणून. तीसेक वर्षांत त्याच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर गेले.

त्याची पद्धत वाचली तेव्हा मला आमच्या अकरावी-बारावीच्या क्लासची आठवण झाली. ठरलेला, वर्षांचा आखलेला कार्यक्रम. विद्यार्थ्यांच्या लहान तुकड्या. वेळ लावून सोडवायचे प्रश्नसंच. आणि राऊथच्या हाताने लिहिलेली टिपणं. विद्यार्थ्यांनी ती बसून उतरवून घ्यायची. एकाच ठिकाणी, एकाच माणसाच्या अक्षरातली. त्यात चूक असेल तर ती सगळ्यांच्या वहीत जाणार आणि कुणाच्या तरी लक्षात आली की सगळ्यांच्या वहीत दुरुस्त होणार. हा मुद्दा मला तेव्हा नीट कळला नव्हता. थोडा वेळ बाजूला ठेवतो.

याच ट्रायपॉसमध्ये १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पहिले आले. एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने, पण पहिले. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा, कर्व्यांच्या नात्यातला. सीनियर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय. मराठी घरांत 'रँग्लर' हा शब्द त्यांच्यामुळे शिरला आणि नंतर बरीच वर्षं हुशार पोराला चिडवायला वापरला गेला. गंमत म्हणजे त्यानंतर दहाच वर्षांनी केंब्रिजने ती गुणानुक्रमाची यादीच बंद केली. तिथल्याच जी. एच. हार्डींसारख्या गणितज्ञांचं म्हणणं होतं की या शर्यतीने इंग्रजी गणिताचं नुकसान केलं. हार्डी स्वतः त्या परीक्षेत चौथे आले होते, तेव्हा द्राक्षं आंबट असाही आरोप करता येईल. पण मला त्यांचं पटतं.

इकडे भारतात १९०२ साली कर्झनने विद्यापीठांची चौकशी करायला आयोग नेमला. त्याने जे लिहिलं त्याचा आशय असा की इथे शिकवणं हे परीक्षेचं नोकर होऊन बसलं आहे, हीच या पद्धतीतली सर्वांत मोठी खोट. शिकवण्याच्या मागे परीक्षा यायला हवी होती, झालं उलट. १९०४ ला कायदा झाला, नियम बदलले. परीक्षा राहिली आणि तिचा बाजारही राहिला.

हा बाजार नुसता वाईट होता असंही नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं अंकगणिताचं पाठ्यपुस्तक शाळाशाळांत चाललं आणि देशसेवेसाठी तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या गोखल्यांना त्याच्या मानधनाचा आधार झाला. टिळकांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षेसाठी क्लास चालवला. मुंबईत कॉलेजात शिकताना कर्व्यांनी शिकवण्यांवर दिवस काढले. ज्यांचे पुतळे आपण चौकात बघतो त्यांच्यातल्या कितीजणांची चूल कधी ना कधी दुसऱ्याच्या परीक्षेवर पेटली होती!

पुढे गाईड आलं. डायजेस्ट आलं. आणि महाराष्ट्राच्या दहावी-बारावीचा खास ऐवज, 'एकवीस अपेक्षित'. या नावातला प्रामाणिकपणा मला आवडतो. 'संपूर्ण ज्ञान' वगैरे दावा नाही. पेपर काढणारा काय काढेल याचे एकवीस अंदाज आहेत, घ्या आणि जा. माझ्या आईच्या पिढीत गाईड वापरणं हे जरा लपवायचं प्रकरण होतं, शिक्षकांसमोर ते दप्तरातून काढायचं नाही. माझ्या वेळेपर्यंत शिक्षकांच्याच टेबलावर ते असायचं.

इंजिनिअरिंगला गेल्यावर गाईडाचं नाव बदललं, झालं 'लोकल ऑथर'. अभ्यासक्रमात नाव असलेलं जाडजूड परदेशी पुस्तक लायब्ररीत, आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात हातात लोकल ऑथर. आमच्या वेळी अशाच एका पुस्तकात ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका आकृतीत दोन बाण उलटे छापले होते. कॉलेजातल्या सगळ्यांनी ते तसेच पाठ केले. प्रीलिमनंतर सर वर्गात आले, फळ्यावर ती आकृती काढली, बाण उलटे. म्हणाले, "साठातल्या बावन्न जणांनी हे लिहिलंय. पुस्तकाचं पान नंबर मीच सांगू का?" वर्ग हसला. सरांनी बाण सरळ केले, सगळ्यांनी आपापल्या पुस्तकात पेनाने सरळ केले. पुढच्या वर्षीच्या मुलांना आम्ही पुस्तकं विकली ती दुरुस्त केलेल्या बाणांसकट.

राऊथच्या टिपणांविषयी जे बाजूला ठेवलं होतं ते हेच. छापलेल्या पुस्तकातली चूक सार्वजनिक असते. बावन्न जणांची चूक एकच असते, तिला पान नंबर असतो आणि कुणीतरी एकाने ती पकडली की बावन्न जणांची सुटका होते. बहिणीने अप्पा बळवंत चौकातून आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाचं एक जुनं पुस्तक आणलं आहे. त्यात तीन हस्ताक्षरं आहेत. निळ्या शाईने कुणीतरी एक साल खोडून दुसरं लिहिलंय. पेन्सिलने दुसऱ्या कुणीतरी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलंय. आणि हिरव्या शाईवाल्याने समासात एका संदर्भग्रंथाचं नाव आणि पान लिहून वाद मिटवलाय. हे तिघे एकमेकांना कधी भेटलेही नसतील. यातलं कोण अधिकारी झालं, कोण गावी परत गेलं, ते समासात लिहिलेलं नाही.

मधल्या काळात गूगल आलं. १९९८ सालचं ते साधन मुळात उत्तर देत नव्हतंच, पानं दाखवत होतं. कोणतं पान उघडायचं, कुणावर विश्वास ठेवायचा, हे आपलं काम. ते आपण नीट केलं असं नाही, पहिल्या तीन दुव्यांपलीकडे मी कधी गेल्याचं आठवत नाही. पण पान तरी डोळ्यांसमोर असायचं. त्याला शेंडा-बुडखा असायचा.

आताचं यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. ही माझी रोजची भाकरी आहे. आमच्या ऑफिसात कंपनीच्याच कागदपत्रांवर चालणारं असं एक साधन आम्ही बनवलं आहे. २०२० साली फेसबुकच्या संशोधन विभागातल्या आणि लंडन, न्यूयॉर्क इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कल्पना अशी की भाषेच्या मॉडेलने सगळं स्वतःच्या स्मरणातून सांगण्यापेक्षा आधी संबंधित मजकूर शोधून आणावा आणि तो समोर ठेवून उत्तर लिहावं. ऐकायला अगदी शहाणपणाचं, आणि ते आहेही. मजकुराचे लहान लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याच्या अर्थाला आकड्यांच्या लांबलचक रांगेत मांडतात. तुमचा प्रश्नही तसाच आकड्यांत जातो. मग प्रश्नाच्या सर्वांत जवळ पडणारे तुकडे उचलले जातात आणि मॉडेल त्यांवरून सलग उत्तर लिहितं.

गडबड 'जवळ' या शब्दात आहे. पंडितांचं मंडळ आणि कर्व्यांची मंडळी यंत्राच्या नकाशात शेजारी शेजारी राहतात. विषय एक, नाव सारखं, प्रांत एक. मधे असलेली पंचवीस-तीस वर्षं त्या नकाशात फार दूर दिसत नाहीत. तुकडा कापताना वरच्या परिच्छेदातलं नाव एकीकडे आणि खालच्या परिच्छेदातलं साल दुसरीकडे गेलं की संपलंच. वर आपल्या इतिहासावरचा इंटरनेटवरचा मजकूर बराचसा इंग्रजीत, आणि इंग्रजीत या दोन्ही संस्था एकच टोपी घालतात. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात तर नावांचा नुसता गुंता आहे. विष्णुशास्त्री पंडित, विष्णुशास्त्री चिपळूणकर, विष्णुबुवा ब्रह्मचारी. माणसाचीच त्रेधा उडते. उत्तराशेजारचा आकडा एवढंच सांगतो की हे पान यंत्रासमोर होतं. हे वाक्य त्या पानावर आहे, अशी हमी तो देत नाही. हे मला माहीत होतं. माझ्या बहिणीला कुणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

आणि हे साधन तिच्यापर्यंत आलं कसं? २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं. त्याच्या पाठोपाठ डिसेंबरात पर्प्लेक्सिटी. त्याच्या संस्थापकांतले अरविंद श्रीनिवास आयआयटी मद्रासचे. तेव्हा हे सगळं आमच्यासारख्यांपुरतं होतं. २०२५ च्या जुलैत एअरटेलने आपल्या छत्तीस कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची सशुल्क आवृत्ती वर्षभर फुकट दिली. त्याच महिन्यात गूगलने भारतातल्या विद्यार्थ्यांना आपल्या जेमिनीची महागडी आवृत्ती एक वर्ष मोफत जाहीर केली. त्याच महिन्याअखेर चॅटजीपीटीत अभ्यासासाठी वेगळी सोय आली. थेट उत्तर न देता प्रश्न विचारत विचारत शिकवणारी. ऑक्टोबरात जिओने दीड वर्षाची फुकट जेमिनी आणली. रिचार्ज केला की खाजगी शिकवणी मोफत. राऊथच्या शिकवणीची फी परवडणारी मुलं केंब्रिजमध्येही मोजकीच असणार.

म्हणून या साधनाला शिव्या घालून मोकळं होणं मला जमत नाही. बहिणीचे वडील एसटीत होते. क्लासची फी ऐकून तिने पहिल्या वर्षी क्लास लावलाच नाही. गाईडाला 'पण का?' असं विचारता येत नाही. रात्री अकराला 'रयतवारी आणि महालवारीतला फरक पुन्हा एकदा सोपा करून सांग' असं तिसऱ्यांदा विचारलं तर हे यंत्र वैतागत नाही. 'एवढंही येत नाही का?' असं म्हणत नाही. तालुक्याच्या शाळेतून आलेल्या मुलीला क्लासच्या शंभर मुलांत हात वर करून शंका विचारायची लाज किती वाटते, हे मी तिच्या तोंडून ऐकलं आहे. पंचायतराजच्या समित्यांची नावं तिने याच्याशी प्रश्नोत्तरं खेळत पाठ केली आणि ती पक्की आहेत.

पण रात्री पावणेदोनला मिळालेलं चुकीचं उत्तर फक्त तिचं एकटीचं आहे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला तर तिला बरोबर उत्तर मिळेल, किंवा वेगळीच चूक मिळेल. मी दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच प्रश्न जसाच्या तसा विचारून बघितला. आलं : कर्वे, १८९३, वर्धा. अगदी बरोबर. म्हणजे चूक दाखवायलाही शिल्लक राहिली नाही. स्क्रीनशॉट नसता तर मी तिला म्हणालो असतो की तूच काहीतरी चुकीचं वाचलंस. ज्याला पान नाही त्याच्या समासात हिरव्या शाईवाला लिहिणार कुठे?

या परीक्षेत तर पान नंबराला फारच किंमत आहे. पूर्व परीक्षा झाली की आयोग आधी पहिली उत्तरतालिका लावतो. ती मान्य नसेल तर ठरलेल्या मुदतीत हरकत घ्यायची, सोबत पुरावा जोडायचा. तज्ज्ञ बघतात, मग अंतिम तालिका येते. कधी उत्तर बदलतं, कधी प्रश्नच रद्द होतो. शास्त्री रोडवर त्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी असते. बालभारतीचं जुनं पुस्तक, विद्यापीठाचा ग्रंथ, कुणाकडे कोणती आवृत्ती आहे याची फोनाफोनी. मला हे दृश्य फार आवडतं. एरवी 'शॉर्टमध्ये सांग' म्हणणारी मुलं अचानक आवृत्ती आणि तळटीप यांवर भांडत असतात.

२०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती, आठवतं? मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय पुढे ढकला, अशी त्यांची मागणी होती. आयोगाने ती मानली आणि नवी पद्धत २०२५ पासून आणली. त्या दोन वर्षांच्या मधे ही सगळी यंत्रं आली. पर्याय निवडण्याच्या जागी परिच्छेद लिहायचे, आणि परिच्छेद लिहिणं हेच तर या यंत्राचं मुख्य काम. बहिणीच्या अभ्यासिकेत मुलं स्वतःच्या हाताने उत्तर लिहितात, फोटो काढतात आणि यंत्राला दहापैकी गुण द्यायला सांगतात. सगळ्यांना साडेसहा-सात पडतात. सगळ्यांना एकच सूचना मिळते : प्रस्तावना अधिक प्रभावी करा. त्यामुळे आता सगळ्यांच्या प्रस्तावना सारख्या दिसू लागल्या आहेत, असं ती म्हणते. परीक्षकांच्या टेबलावर हे गठ्ठे जाऊन पडतील तेव्हा त्यांना काय वाटेल कुणास ठाऊक.

त्या रात्रीनंतर तिने नोट्स फेकल्या नाहीत. एवढा वेळ कुणाकडे असतो? वहीत उजवीकडे एक उभी रेघ मारली आणि पलीकडे पुस्तकाचं नाव आणि पान लिहायला लागली. पहिल्या आठवड्यात अकरा चुका सापडल्या. त्यांतल्या चार यंत्राच्या, दोन क्लासच्या छापील नोट्समधल्या, आणि पाच तिने स्वतः घाईत लिहून घेताना केलेल्या. ही मोजणी तिनेच केली आणि मला पाठवली. माझ्या भाषणाला आळा बसावा म्हणून बहुतेक.

पूर्व परीक्षा झाली. पहिली उत्तरतालिका आली त्या संध्याकाळी तिचा फोन आला. एकोणिसाव्या शतकातल्या एका वृत्तपत्रावरच्या प्रश्नाचं तिचं उत्तर आणि आयोगाचं उत्तर वेगळं होतं.

"हरकत घ्यायचीय, दादा. माझं बरोबर आहे, मी वाचलंय."

"कुठं वाचलंस?"

ती बराच वेळ गप्प होती. "तेच आठवत नाहीये. पुस्तकात वाचलं की फोनवर, काही कळत नाहीये. रेघेपलीकडे काहीच लिहिलेलं नाही."

रविवारी आम्ही दोघं एका जुन्या ग्रंथालयात गेलो. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासावरची तीन पुस्तकं टेबलावर घेतली. एक तिने, दोन मी. पंखा आवाज करत होता. ग्रंथपाल काकांनी दोनदा येऊन 'सूची मागे आहे' असं सांगितलं. तासाभराने तिलाच ते सापडलं. तिने बोटाने ओळ दाखवली. आयोगाचं बरोबर होतं.

तिने वही उघडली, रेघेपलीकडे पुस्तकाचं नाव आणि पान लिहिलं. मग मोबाइलवर कॅल्क्युलेटर न काढता, तोंडीच हिशोब केला. दोन गुणांचा प्रश्न, चुकीला पाव वजा.

"म्हणजे अडीचचा फरक पडला," ती म्हणाली आणि उरलेली दोन पुस्तकं काकांना परत द्यायला उठली.